घरगुती गॅस : अप्रमादाचा एक पाठ

आपल्या निवासी शाळेतून शिकून बाहेर पडलेले विद्यार्थी आज निरनिराळ्या ठिकाणी स्थिरावले आहेत. कोणी गावी घर बांधले, कोणी मुंबई-पुण्यात सदनिका घेतली, कोणी अजून वस्तीतील एका खोलीत संसार करतो आहे, तर कोणी पुढील शिक्षणासाठी चौघांत मिळून भाड्याची खोली घेऊन राहतो. ही घरे एकमेकांपासून कितीही वेगळी असली, तरी त्यांतील बहुतेक घरांत एक वस्तू सारखीच आढळते. ती म्हणजे ओट्याखाली उभी असलेली गॅसची लाल टाकी. आपण तिच्याकडे दिवसातून अनेकदा हात नेतो आणि तिच्याविषयी फारसे काही जाणून घेत नाही.

आपल्या आया-आज्यांचे आयुष्य चुलीच्या धुरात गेले. सरपणासाठी मैलोन् मैल पायपीट, फुंकणीने फुंकून लाल झालेले डोळे आणि उतारवयातला खोकला हे त्यांच्या स्वयंपाकाचे मोल होते. त्यानंतर रॉकेलचा स्टोव्ह आला. त्याने धूर थोडा कमी केला, परंतु पिन मारताना आणि हवा भरताना उडणाऱ्या भडक्याचे भय घरात आणले. भारतात स्वयंपाकाच्या गॅसची विक्री बर्मा शेल कंपनीने १९५५ साली मुंबईत सुरू केली. तथापि तो गॅस गरिबांच्या घरापर्यंत पोहोचण्यास फार मोठा काळ लागला. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला आणि त्यानंतर गरीब कुटुंबांतील कोट्यवधी स्त्रियांच्या नावे गॅसजोडणी झाली. आपल्या समाजातील अनेक घरांत गॅस वापरणारी ही पहिलीच पिढी आहे. चुलीविषयीचे शहाणपण आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलीकडे आपोआप आले. गॅसविषयीचे शहाणपण असे वारशाने मिळालेले नाही. ते शिकूनच घ्यावे लागेल. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

टाकीत नेमके काय असते?

ज्याला आपण ‘गॅस’ म्हणतो तो टाकीत मुख्यतः द्रवरूपात असतो. प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे हे मिश्रण आहे. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, तर ब्युटेन शून्य अंशाच्या जवळपास. याचा अर्थ असा की आपल्याकडील कोणत्याही ऋतूत हे दोन्ही पदार्थ मोकळ्या हवेत वायुरूपच राहतील. दाब देऊन पोलादी टाकीत कोंडल्यामुळेच ते द्रव होऊन राहतात. अमेरिकेतील वॉल्टर स्नेलिंग या रसायनशास्त्रज्ञाने १९१० साली पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या वाफेचा अभ्यास करताना हे वायू वेगळे काढले आणि त्यातूनच बाटलीबंद इंधनाचा हा व्यवसाय उभा राहिला.

द्रवाचा वायू झाला की त्याचे आकारमान सुमारे २५० पटींनी वाढते. म्हणूनच १४.२ किलो गॅस एवढ्याशा टाकीत मावतो आणि महिनाभर पुरतो. परंतु याच गुणामुळे द्रवाची लहानशी गळतीही मोठी ठरते. टाकी काठोकाठ भरलेली नसते. वरच्या भागात वाफेसाठी जागा मुद्दाम सोडलेली असते. टाकी उभी असेल तर वरची वाफ तेवढी बाहेर येते. रेग्युलेटर त्या वाफेचा दाब कमी करून तो साधारण ३० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका अल्प करतो आणि मग ती शेगडीकडे जाते.

टाकी उभीच का ठेवायची याचे उत्तर येथे मिळते. गॅस संपत आला की टाकी आडवी करण्याची, ती हलवण्याची किंवा गरम पाण्यात बसवण्याची सवय अनेक घरांत आहे. आडव्या टाकीतून वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरू शकतो. तो पुढे जाऊन फुलला म्हणजे बर्नरवरची वीतभर ज्योत क्षणात माणसाच्या उंचीची होऊ शकते. टाकीला उष्णता दिल्यास आतील दाब वाढतो. तळाशी राहिलेल्या पाव किलो गॅससाठी एवढे साहस करण्यात कोणताही शहाणपणा नाही.

वास : एका शाळेने दिलेली किंमत

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. आपल्याला जो कुजक्या कांद्यासारखा उग्र दर्प येतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टन या द्रव्याचा असतो. इंधनवायूला असा वास देणे कायद्याने बंधनकारक होण्यामागे एका शाळेची करुण कथा आहे आणि शाळेच्या स्मरणिकेत तिचे स्मरण करणे उचित ठरेल.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाचे गाव आहे. तेथील शाळेची इमारत नैसर्गिक वायूवर उबदार ठेवली जात असे. खर्च वाचावा म्हणून शाळेने तेलक्षेत्रातील वाया जाणाऱ्या वायूच्या नळीला जोड घेतला होता. त्या वायूला वास नव्हता. जोडणीतून गळणारा वायू इमारतीच्या जमिनीखालील पोकळीत साचत राहिला आणि कोणालाही कळले नाही. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी शाळा सुटण्याच्या सुमारास कार्यशाळेतील शिक्षकाने लाकूड घासण्याचे विजेचे यंत्र सुरू केले. त्याच्या ठिणगीने सारी पोकळी पेटली आणि इमारत कोसळली. सुमारे ३०० विद्यार्थी व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर टेक्सासमध्ये वायूला वास मिसळण्याचा कायदा झाला आणि ही पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली.

आपल्या नाकाला येणारा तो दर्प म्हणजे त्या मुलांनी जगाला दिलेला इशारा आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. गॅस पेटण्याइतका दाट होण्याच्या कितीतरी आधी त्याचा वास यावा, या बेताने हे द्रव्य मिसळलेले असते. म्हणून ‘थोडासा वास तर नेहमीच येतो’ असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणे म्हणजे हा इशारा वाया घालवणे होय. सर्दी झालेल्या, वृद्ध किंवा झोपलेल्या माणसाला हा वास कळेलच असे नाही, हेही लक्षात ठेवावे.

दहा बाय दहाच्या खोलीचे गणित

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट आणि ब्युटेन सुमारे दुप्पट जड आहे. गळलेला गॅस धुरासारखा वर जात नाही, तर पाण्यासारखा खाली उतरतो, फरशीवर पसरतो, खाटेखाली शिरतो आणि मोरीच्या दिशेने सरकतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण २ टक्क्यांपासून ९ टक्क्यांपर्यंत असेल, तर तो ठिणगी मिळताच पेटतो. त्याहून कमी असल्यास पेट घेत नाही आणि त्याहून जास्त असल्यास प्राणवायू अपुरा पडतो.

आता एक साधे गणित करून पाहू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. एक किलो गॅसची वाफ साधारण अर्धा घनमीटर होते. संपूर्ण खोलीत २ टक्के प्रमाण होण्यासाठी एक किलोहून थोडा अधिक गॅस लागेल. परंतु गॅस संपूर्ण खोलीत समान पसरत नाही, तो तळाशी साचतो. फरशीलगतच्या एक फूट थरापुरता विचार केला तर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास गॅस पुरेसा आहे. दूध उतू जाऊन ज्योत विझली आणि बर्नर तसाच उघडा राहिला, तर इतका गॅस बाहेर पडण्यास तासाभराच्या आसपासचा अवधी लागेल. नळीच निसटली तर काही मिनिटे पुरतील.

हे गणित भिववण्यासाठी मांडलेले नाही. ज्यांच्या घराला दार एकच आणि खिडकी नाही, त्यांना दक्षतेची गरज बंगल्यात राहणाऱ्यांहून अधिक आहे, हे त्यातून स्पष्ट व्हावे. खोलीला खालच्या बाजूने हवा जाण्यास वाट असली पाहिजे. दाराखाली फट असेल तर ती थंडीत चिंध्यांनी बुजवू नये. शक्य असेल तेथे फरशीलगत जाळीचा झरोका ठेवावा.

ज्यांच्या घरी मुंबई-पुण्याप्रमाणे नळाने गॅस येतो, त्यांनी एक भेद जाणून घ्यावा. तो नैसर्गिक वायू असतो, म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका असून छताकडे जातो. म्हणून तेथे वरचा झरोका उघडा असणे महत्त्वाचे ठरते.

टाकी घरी येते तेव्हा

टाकी आणून देणारा कर्मचारी घाईत असतो आणि आपणही घाईत असतो. तरीही तीन गोष्टी त्याच्यासमोरच पाहून घ्याव्यात. पहिली गोष्ट सील. ते शाबूत असावे. दुसरी गोष्ट वजन. टाकीवर रिकाम्या टाकीचे वजन लिहिलेले असते. त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्या टाकीचे वजन मिळते. कर्मचाऱ्याजवळ वजनकाटा असणे अपेक्षित आहे आणि वजन करून मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. तिसरी गोष्ट तपासणीची मुदत. टाकीच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पोलादी पट्टीच्या आतील बाजूस इंग्रजी अक्षर व वर्षाचे आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘बी-२७’ असे लिहिले असल्यास त्या टाकीची मुदत जून २०२७ अखेर संपते. मुदत उलटलेली टाकी घेण्यास नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा.

यानंतर टोपण काढून झडपेतील रबरी कडे, म्हणजेच वॉशर, जागेवर व अखंड आहे का हे पाहावे आणि गळती नसल्याची खात्री कर्मचाऱ्याकडूनच करून घ्यावी. दोरीला बांधलेले टोपण टाकून देऊ नये. झडप अडकून गॅस बाहेर येऊ लागला, तर तेच टोपण झडपेवर घट्ट दाबून बसवल्यास गळती थांबते. एवढ्याशा प्लॅस्टिकच्या वस्तूला म्हणूनच टाकीच्या अंगावर कायमचे स्थान दिलेले आहे.

टाकी बदलताना घरात कोठेही ज्योत नसावी. शेगडी, अगरबत्ती, मेणबत्ती, दिवा हे सारे आधी विझवावे. आपल्या अनेक घरांत खोली एकच असल्याने तथागत आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमांची फळी ओट्याशेजारीच असते. वंदनेसाठी लावलेली मेणबत्ती आणि अगरबत्ती टाकी, नळी व पडदे यांपासून दूर असावी आणि वंदना संपल्यावर घराबाहेर जाताना ती जळत ठेवू नये. पहाटे उठल्यावर वंदनेची मेणबत्ती लावण्यापूर्वी खोलीत गॅसचा वास नाही ना, याकडे क्षणभर लक्ष द्यावे. एवढे भान हेही आचरणच आहे.

रोजच्या वापरातील दक्षता

शेगडी टाकीच्या पातळीपेक्षा उंच, म्हणजे ओट्यावर असावी. टाकी आणि शेगडी दोन्ही जमिनीवर शेजारी ठेवून स्वयंपाक करणे धोक्याचे आहे, कारण गळलेला गॅस जमिनीलगतच पसरतो आणि ज्योतही तेथेच असते. ओटा नसल्यास मजबूत लोखंडी किंवा दगडी मांडणी करून घ्यावी.

नळी आयएसआय चिन्हाची, तारेचे कवच असलेली सुरक्षा नळी असावी. तिची लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नसावी आणि दर ५ वर्षांनी ती बदलावी. नळीवर वर्ष छापलेले असते. नळी शेगडीच्या मागून, तापलेल्या भांड्याला लागून जाऊ देऊ नये. तिच्यावर कापड गुंडाळणे, तिला जोड देणे, टी बसवून दोन शेगड्या चालवणे हे सर्व टाळावे. उंदरांचा उपद्रव असलेल्या घरांत नळी वरचेवर बघावी.

बर्नर पेटवताना काडी किंवा लायटर आधी तयार ठेवून मग बटण फिरवावे. ज्योत न लागल्यास बटण बंद करून थोडे थांबावे, हवा मोकळी होऊ द्यावी आणि मगच पुन्हा प्रयत्न करावा. दूध, डाळ, भात उतू जाणारे पदार्थ असल्याने ते शेगडीवर ठेवून शेजारी बोलत बसू नये. स्वयंपाक करताना सुती कपडे वापरावेत. पदर किंवा ओढणी खोचून घ्यावी. ज्योतीपलीकडील फळीवर डबे ठेवू नयेत, कारण ते घेताना हात आणि पदर ज्योतीवरूनच जातात.

रात्री झोपताना आणि घराबाहेर जाताना केवळ शेगडीचे बटण बंद करून थांबू नये. रेग्युलेटरही बंद करावा. गळतीचा संशय आल्यास सांध्यांवर साबणाचे पाणी लावून पाहावे. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून गळती शोधण्याची पद्धत कोणीही, कितीही जाणकार असला तरी, वापरू नये.

वास आला तर

खोलीत गॅसचा वास आला की मनुष्य गोंधळतो आणि सवयीने पहिला हात दिव्याच्या बटणाकडे जातो. हीच कृती जीवघेणी ठरू शकते. विजेचे बटण चालू करताना ठिणगी पडते, तशी बंद करतानाही पडते. म्हणून दिवा लागलेला असेल तर लागलेलाच राहू द्यावा आणि बंद असेल तर बंदच. हवा काढून टाकावी या सद्हेतूनेही पंखा लावू नये. मोबाईल बाहेर जाऊनच वापरावा. फ्रिज स्वतःहून चालू-बंद होतो आणि त्याचीही ठिणगी पडू शकते. विजेचा मुख्य खटका घराबाहेर, जिन्यात किंवा गल्लीत असेल तर तो बाहेरून बंद करावा. शेजाऱ्याला सांगताना घंटा वाजवू नये, हाक मारावी.

क्रम असा असावा : सर्व ज्योती विझवाव्यात, शेगडीची बटणे व रेग्युलेटर बंद करावेत, दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, मुलांना व वृद्धांना बाहेर न्यावे. गळती थांबत नसेल आणि सुरक्षितपणे शक्य असेल, तर रेग्युलेटर काढून टोपण बसवावे आणि टाकी उभीच ठेवून मोकळ्या जागी न्यावी. त्यानंतर १९०६ या क्रमांकावर संपर्क साधावा. गॅसगळतीच्या तक्रारीसाठी ही सेवा चोवीस तास उपलब्ध असते. हा क्रमांक मोबाईलमध्ये असतोच असे नाही, आणि संकटात मोबाईल घरात राहू शकतो. म्हणून तो दाराच्या आतील व बाहेरील बाजूस ठळक अक्षरांत लिहून ठेवावा.

आग लागल्यास आणि भाजल्यास

कढईतील तेल पेटले तर त्यावर पाणी ओतू नये. पाणी तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते आणि पेटते तेल चोहीकडे उडते. बर्नर बंद करून कढईवर झाकण सरकवावे आणि ती थंड होईपर्यंत हलवू नये.

नळीच्या टोकाशी किंवा टाकीच्या तोंडाशी ज्योत असेल आणि हात पोहोचत असेल, तर जाड ओले कापड हाताला धरून रेग्युलेटर बंद करावा. गॅस बंद करणे शक्य नसेल तर नुसती ज्योत विझवण्याच्या मागे लागू नये. ज्योत विझली पण गॅस वाहत राहिला, तर तो खोलीत साचतो आणि दुसऱ्या ठिणगीने आधीपेक्षा मोठा स्फोट होतो. अशा वेळी सर्वांनी बाहेर पडावे आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे. बातम्यांमध्ये ‘सिलिंडरचा स्फोट’ असे छापून येते. प्रत्यक्षात अनेकदा टाकी शाबूत असते आणि खोलीत साचलेला गॅस फुटलेला असतो. टाकी फुटते ती बहुधा बाहेरच्या आगीत दीर्घकाळ तापल्यावर. म्हणून जळत्या खोलीतील टाकीजवळ जाणे टाळावे.

अंगावरचे कपडे पेटल्यास धावू नये. धावल्याने वारा मिळून आग वाढते. जमिनीवर आडवे होऊन लोळावे. दुसऱ्याने घोंगडी किंवा जाड सुती सतरंजी लपेटावी. भाजलेल्या जागेवर लगेच नळाचे साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. शाई, टूथपेस्ट, तूप, हळद, बटाट्याचा कीस यांपैकी काहीही लावू नये. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. स्वच्छ कापडाने झाकून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

वास नसलेला धोका

चांगल्या ज्योतीचा रंग निळा असतो. ज्योत पिवळी होऊन भांडी काळी पडू लागली, तर ज्वलन अपुरे होत आहे असे समजावे आणि बर्नर साफ करून घ्यावा. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा कितीतरी अधिक बळकटपणे जोडला जातो आणि माणूस गुदमरल्याची जाणीव न होताच बेशुद्ध पडतो. बंद न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गिझरमुळे होणारे मृत्यू बहुधा याच कारणाने होतात. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवावा. थंडीत खोली गरम राहावी म्हणून शेगडी पेटती ठेवून दारे लावून झोपणे हाही तोच धोका आहे. स्नान करताना डोके जड होणे, मळमळणे, पाय लटपटणे अशी लक्षणे दिसल्यास तत्काळ उघड्या हवेत यावे.

भाड्याची खोली, भोजनदान आणि आपले हक्क

पुढील शिक्षणासाठी शहरात राहणारे आपले माजी विद्यार्थी अनेकदा बाजारातील लहान, प्रमाणित नसलेल्या टाक्या वापरतात. मोठी टाकी उलटी करून नळीने त्यात गॅस भरून देणारी दुकाने गल्लीबोळांत असतात. हा व्यवहार बेकायदेशीर आहे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो अत्यंत धोकादायक आहे. त्या लहान टाकीत वाफेसाठी जागा किती राहिली, हे भरणाऱ्याला कळत नाही. पत्त्याचा पुरावा नसल्याने गॅस मिळत नाही, ही अडचण खरी होती. परंतु आता तेल कंपन्यांच्या ५ किलोच्या प्रमाणित टाक्या केवळ ओळखपत्रावर मिळतात. थोडे पैसे अधिक पडतील, तरी तोच मार्ग धरावा.

१४ एप्रिल, ६ डिसेंबर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी आपल्या मंडळांकडून भोजनदान होते. मंडपात मोठ्या भट्ट्या लागतात, भोवती गर्दी असते, लहान मुले फिरत असतात. अशा प्रसंगी घरगुती टाक्या जमवून आणू नयेत. १९ किलोच्या व्यावसायिक टाक्या रीतसर घ्याव्यात. टाक्या भट्टीपासून दूर, कापडी कनातीबाहेर, सावलीत व उभ्या ठेवाव्यात. एका जाणत्या कार्यकर्त्याकडे केवळ टाक्यांवर लक्ष ठेवण्याचे काम द्यावे आणि त्याला त्या दिवशी दुसरे कोणतेही काम सांगू नये. वाळूच्या बादल्या व अग्निशामक नळकांडे जवळ असावे.

आणखी एक गोष्ट. नोंदणीकृत ग्राहकाच्या घरी गॅसमुळे अपघात झाल्यास तेल कंपन्यांनी काढलेल्या सार्वजनिक दायित्व विम्यातून भरपाईची तरतूद आहे. मृत्यू झाल्यास प्रतिव्यक्ती ६ लाख रुपयांची, तसेच उपचार व मालमत्तेच्या हानीसाठीही मर्यादित रकमेची तरतूद त्यात आहे. यासाठी ग्राहकाने वेगळा हप्ता भरावयाचा नसतो. अपघातानंतर वितरकाला लगेच लेखी कळवावे लागते. परंतु जोडणी दुसऱ्याच्या नावावर असेल, घर बदलूनही पत्ता बदलला नसेल किंवा उपकरणे अप्रमाणित असतील, तर हा हक्क हातचा जाऊ शकतो. वस्तीतील किती कुटुंबे नातलगाच्या किंवा जुन्या भाडेकरूच्या पुस्तकावर गॅस घेतात, हे आपण सारे जाणतो. कागद नीट करून घेणे हे कंटाळवाणे काम आहे. तरीही संकटानंतर उघड्यावर पडलेल्या कुटुंबाला त्या कागदाचाच आधार उरतो.

नशीब नव्हे, कारण

एखाद्या घरात गॅसचा भडका उडून स्त्री भाजली की भोवतालचे लोक ‘तिच्या नशिबात होते’ असे म्हणून मोकळे होतात. बौद्ध माणसाला हे उत्तर पुरणार नाही. कारणावाचून कार्य घडत नाही, हा तर आपल्या धम्माचा पाया आहे. नळी जुनी झाली होती का, वॉशर नव्हता का, खोलीला झरोका नव्हता का, मुदत उलटलेली टाकी कोणी आणून दिली, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. एके काळी ‘स्टोव्हचा भडका’ या दोन शब्दांआड सासरी जाळल्या गेलेल्या कितीतरी सुनांचे मरण झाकले गेले. जे खरोखर अपघात होते त्यांची कारणे शोधली गेली नाहीत आणि जे अपघात नव्हते त्यांची चौकशी झाली नाही. म्हणून कारण विचारण्याची सवय जशी सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे तशीच न्यायासाठीही आवश्यक आहे.

ही जबाबदारी केवळ स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीची नाही. रेग्युलेटर बसवणे, गळती तपासणे, वास आल्यावर काय करावे हे घरातील प्रत्येक पुरुषाला आणि दहा-बारा वर्षांच्या प्रत्येक मुला-मुलीला आले पाहिजे. आई-वडील कामावर गेले असताना धाकट्या भावंडांसाठी भात शिजवणारी मुलगी आपल्या समाजात आजही घरोघरी आहे. संकट आले तर त्या क्षणी तिच्याजवळ असेल ते फक्त तिला शिकवलेले ज्ञान.

तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी भिक्खूंना जो अखेरचा उपदेश केला त्यात अप्रमादावर, म्हणजे सतत जागृत राहण्यावर, भर होता. अप्रमाद हा केवळ ध्यानाच्या आसनावर पाळावयाचा नियम नव्हे. तो ओट्यापाशीही पाळता येतो. त्यासाठी एक सोपी प्रथा सुचवावीशी वाटते. आपण दर पौर्णिमेला विहारात जातो. त्याच दिवशी सकाळी घरातील गॅसची तपासणी करावी : नळीचे वर्ष, टाकीची मुदत, सांध्यांवर साबणाचे पाणी, ज्योतीचा रंग, झरोका मोकळा आहे का, आणि दारावर लिहिलेला १९०६ हा क्रमांक पुसट झाला नाही ना. या कामाला पाच मिनिटे पुरतात. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारांत ग्रंथवाचन चालते. पावसामुळे घरांची दारे-खिडक्या बंद राहण्याचे, म्हणजे गळतीच्या दृष्टीने विशेष जपण्याचे हेच दिवस असतात. त्या मालिकेतील एक संध्याकाळ या विषयासाठी राखून ठेवावी, वितरकाच्या तंत्रज्ञास बोलवावे आणि प्रत्येक उपासक-उपासिकेकडून रेग्युलेटर लावण्याचा व टोपण बसवण्याचा सराव करून घ्यावा.

आपल्या शाळेने विद्यार्थ्यांना प्रश्न विचारण्यास शिकवले. त्या शिक्षणाचा उपयोग परीक्षेपुरता राहू नये. येत्या पौर्णिमेला प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या घरची आणि शेजारच्या एका घरची नळी तपासली, तरी ही स्मरणिका वाचल्याचे सार्थक होईल.